पाय जमा कर

आत्ताच सांगते. आत्ता न्हाय सांगितलं तर परत गिळून टाकीन, मला माहीत हाय, चार वरसं तेच करत आलेय. टायपिंगच्या मशीनला कागद चढवलाय. बाकीचे सगळे जेवायला गेलेत, माझा डबा तसाच झाकलेला हाय. चुका झाल्या तर झाल्या. शुद्ध मला येतं, हापिसाची पत्रं मी शुद्धातच मारते. पण ही गोष्ट शुद्धात बसत न्हाय. बसवायला गेलं की ती एकदम सभ्य होती, आन ती सभ्य न्हवती.

तर ऐका.

एक जून. चौऱ्याहत्तर साल. सोलापुरातलं आमचं वसतिगृह, अपंग लेकरांचं. व्हरांड्यात बाकडं टाकलेलं, त्यावर आमी चौघं. दोन पोरं, दोन पोरी. म्होरं टेबल. टेबलाच्या पलीकडं अधीक्षक सर, हातात यादी. ऊन असं की फरशी पोळत होती.

सर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पाय जमा कर."

दुसऱ्यांचे ठेवून घेतेत हे ऐकलं होतं, तरी मला वाटलं माझी चेष्टा करतेत. मी हसले. खरंच हसले, तोंडाला हात लावून.

आमच्यात कॅलिपरला कॅलिपर कुणी म्हणत न्हवतं. पाय म्हणायचे. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, मांडीला आन पोटरीला कातडी पट्टे, गुडघ्याला खटका, खाली बूट. खटका लावला की उभं राहता येतं, काढला की बसता येतं. मला दोन्ही पायांना लागायचे. सकाळी घंटा झाली की हॉलभर एकच कालवा. "ए, माझा पाय कुनी घेतला?" "तुझा पाय शोभीनं पळवला!" "मावशे, खटका बसंना, तेल दे की!" पाहुणे आले की हे ऐकून त्यांची तोंडं बारीक व्हायची. आमाला लई हसू यायचं. पाय म्हंजे पाय. आमचा घरातला शब्द होता तो. आता सर तोच वापरत होते. पाय जमा कर. जसं परीक्षेचा पेपर जमा कर.

"सर, पाय जमा केले तर मी चालू कशी?"

तवा त्यांनी पैल्यांदा वर बघितलं. काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगते, कारण मी त्यातला एक बी विसरले न्हाय.

"ही संस्था बालकांची आहे. आज तुला अठरा पूर्ण झाली. तू आता बालक नाहीस. संस्थेची वस्तू संस्थेत राहील. आणि मेंढरांमागे जायला कॅलिपर कशाला लागतो गं तुला?"

कारकून हसला. बाकड्यावरचं एक पोरगं बी हसलं, त्याचाच नंबर पुढं होता तरी.

माझा बा तितंच उभा होता. वहाणा पायरीखाली काढून, घोंगडं काखंत मारून. सांगोल्याकडचा धनगर माणूस. आदल्या दिवशी रानातल्या वाड्याची मेंढरं भावाच्या गळ्यात घालून मला न्यायला आला होता. ते वाक्य त्यानं ऐकलं. खाली बघितलं.

मी पट्टे सोडले. आधी उजवा, मग डावा. मांडीवरचा पट्टा सुटला की खाली कातडीचा वळ दिसतो, पांढरा, ओला. बूट काढले. पाय टेबलावर ठेवले, शेजारी कुबड्या. सरांनी यादीत खूण केली.

मी दिले. एवढे दोन शब्द लिहायला मला चार वरसं लागली. मी दिले. वरडले न्हाय, भांडले न्हाय. दिले.

मग बाकड्यावरनं खाली उतरले आन फरशीवरनं बसूनच सरकत बाच्या दिशेनं निघाले. हाताचे तळवे भाजत होते. खिडक्यांतनं बारकी पोरं बघत होती. ज्यांना मी खटका कसा लावायचा ते शिकवलं, तीच.

सर बाला म्हणाले, "उचला."

बानं मला पाठुंगळी घेतलं. आन हात जोडले. मला पाठीवर सांभाळत, वाकून, हात जोडले. "लई उपकार झालं सायेब. पोरीला लिवाय-वाचाय शिकिवलं."

"ठीक आहे. पुढचं आता तुमचं तुम्ही बघा."

एक जूनचं बी सांगते. मला वसतिगृहात आणलं तवा तितल्या मास्तरांनी जन्मतारीख विचारली होती. बा म्हणाला, "मेंढरं खाली न्यायच्या टायमाला. दिवाळीच्या जरा अलीकडं." मास्तर म्हणाले, "म्हणजे माहीत नाही. एक जून." ज्याची माहीत न्हाय त्याची एक जून. साल बी त्यांनीच बसवलं, माझी उंची बघून का कशावरनं देव जाणे. आई म्हणती मी त्या दिवशी पुरती सतरा बी न्हवते. वसतिगृहातल्या निम्म्याच्या वर पोरांचा वाढदिवस त्याच दिवशी. बारके असताना मजा वाटायची, सगळ्यांना एकदम गुळाचा शिरा. एकदम बाहेर बी काढतेत, हे तवा ध्यानात आलं न्हाय.

आता लक्ष्मीचं सांगायला पाहिजे, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय.

लक्ष्मी माझ्या शेजारच्या कॉटवरची. विणकराची पोर, पूर्व भागातली, घरात तेलुगू. सकाळी उठल्या उठल्या मला विचारायची, "एमे, बागुन्नावा?" म्हंजे काय गं, बरी हायस का. मी म्हणायचे, "बागुन्नावा न्हाय, पाय सापडंना." तिच्या डाव्या पायाची पट्टी मांडीला घासायची म्हणून तिनं घरच्या मागावरचं लाल सूत त्या पट्टीला गच्च गुंडाळलेलं. आमी तिला लाल पायाची म्हणायचो.

ती माझ्या एक वरीस आधी गेली. तशीच, एक जूनला. मी तवा अकरावीचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसले होते. ती जाताना पायात पाय हायत का न्हायत हे मी बघितलंच न्हाय. तिच्या भावानं उचलून सायकलवर बसवलं, मला वाटलं लाडानं.

दिवाळीला ती भेटायला आली. भाऊ सायकलच्या क्यारेजवर बसवून घेऊन आला. तिनं सांगितलं तवा मला कळलं की पाय ठेवून घेतलेत. वर हसत हसतच सांगत होती. सात रस्ता चौकाच्या अलीकडं मोठ्या अपंगांचं केंद्र हाय, तितं शिवण शिकवतेत, टायपिंग शिकवतेत, काम बी लावून देतेत. अठराच्या पुढचे सगळे तितं जायचे. भाऊ तिला घेऊन गेला. केंद्र माडीवर. कारकुनानं वरनंच वाकून विचारलं, "स्वतः चढून येता येतं का?"

"न्हाय."

"मग कसं घेणार? इथं चालत येणाऱ्यांनाच प्रवेश."

"माझे पाय वसतिगृहात ठिवून घेतलेत. तुमी देता का?"

"देतो ना. प्रवेश झाल्यावर."

हे सांगताना लक्ष्मी टाळी देऊन हसली. "बघ की गं! पाय आले की प्रवेश, प्रवेश झाला की पाय!" मी बी हसले. मग तिनं विचारलं, "माझे पाय आता कोन घालतंय गं?"

मी काय बघितलं न्हवतं. तरी म्हणाले, "कुणीतरी बारकी घालती."

"बरं झालं," लक्ष्मी म्हणाली. "कुनाच्या तरी कामाला आले." तिचं तोंड एवढं खूश झालं.

ते तोंड मला अजून सोडत न्हाय.

तर परत त्या एक जूनला येते. बाच्या पाठीवर मी. माझी पत्र्याची पेटी अडगळीच्या खोलीत होती, म्हणून बा तिकडं वळला. ती खोली एरवी कुलूपबंद असायची. त्या दिवशी उघडी होती, कारण मावशी आत माझे पाय टांगत होती.

मावशी म्हंजे वसतिगृहातली कामाची बाई. लहानपणी आमाला न्हाऊ घालणारी. खिळ्यावर माझे पट्टे अडकवत होती आन नाक वढत होती.

भिंतीला खिळे. खिळ्यांना पाय. जोडीजोडीनं. ही एवढी भिंत भरून. खालच्या बुटांची कातडी उंदरांनी खाल्लेली. पट्ट्या तांबूस झालेल्या. माझ्या शेजारच्या खिळ्याला लाल सूत.

मी विचारलं, "मावशी, हे कुणाला देतेत?"

"कुनाला दिऊ?" मावशी म्हणाली. "हितं समदी बारकी. कुनाच्या पायात जायचं हे ताडमाड? दरसाली आनते, टांगते. मला काय इचारती, सरांना इचार."

बघा. एकदा डोळ्यांनी बघा म्हंजे तुमाला बी कळंल. लहान झालेला पाय आमी पुढच्या लेकराला द्यायचो, ते बरोबरच होतं. माझा पैला पाय माझ्या आधी कुणाचा तरी होताच की. पण अठराच्या मापाचा पाय अठराच्या खालच्या लेकराला कसा येणार? आन अठराचं झालं की त्याला तर हाकलतेत. म्हंजे हे पाय कुणालाच येत न्हवते. कधीच येणार न्हवते. नुसते जमा होत होते. बाहेर त्या पायांची माणसं जमिनीवरनं सरकत होती आन हितं त्यांचे पाय खिळ्याला उभे होते.

माझ्या आत काय झालं ते मला सांगता येत न्हाय. राग म्हणू का काय म्हणू. "बा, मला उतरव."

"आगं यष्टी चुकंल."

"चुकू दे. उतरव."

उंबऱ्यावर बसले. "मावशी, माझे पाय दे."

मावशीनं दाराकडं बघितलं. मग काढून दिले. मी पट्टे आवळले. एक खटका. दुसरा खटका. कुबड्या मावशीनंच हातात दिल्या. मी उभी राहिले तवर सर दारात.

"काय चाललंय हे?"

"सर, मी पाय घातले."

"ती संस्थेची वस्तू आहे. उद्या दुसऱ्या मुलाला लागेल."

"कुणाला सर? एका लेकराला घालून दाखवा. आला तर मी हितंच काढून देते. रांगत जाते."

मावशीनं पदर खोचला आन हाळी दिली, "शोभे, ये गं हिकडं!" शोभा आमच्यातली त्या टायमाला सगळ्यात उंच राहिलेली पोर. मावशीनं लक्ष्मीचा पाय तिच्या शेजारी उभा धरला. मांडीचा पट्टा पार तिच्या कमरंच्या वर गेला, पोटावर.

शोभा म्हणाली, "मावशे, ह्यात मी सदऱ्यासारखी शिरंन!"

खिडकीतली पोरं खिदळली. मावशी बी, लक्ष्मीचा पाय परत खिळ्याला अडकवता अडकवता. सर न्हाय.

"नियम म्हणजे नियम. हिला चोरी म्हणतात. पोलिसात देईन."

"द्या सर. पण पोलिसाकडं मी चालत जाणार."

बा घाबरला. "पोरी, सायबाला उलटं बोलू ने. आमी आडानी मानसं सायेब, पोर हाय, चुकली."

मी म्हणाले, "बा, ती लाल सुताची जोडी बी काढ."

बानं सरांकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या पायांकडं बघितलं, खरंतर. आयुष्यात कधी साहेबाच्या म्होरं मान वर न केलेला माणूस. त्यानं हात वर केला, खिळ्यावरनं लक्ष्मीचे पाय काढले आन कोकरू टाकतेत तसे खांद्यावर टाकले. मग म्हणाला, "येतो सायेब." परत हात जोडले, पण आता नुसती सवय होती ती.

फाटकातनं मी चालत बाहेर पडले, मागनं पेटी घेऊन बा. हितं गोष्ट थांबवली असती तर बरं झालं असतं. माझ्यासाठी. पण ती हितं थांबत न्हाय.

टांगा करून आमी लक्ष्मीच्या घरी गेलो. गल्लीत मागांची खडखड, एकमेकाचं बोलणं ऐकू येत न्हवतं. ती दारात बसली होती, मांडीवर सूप, सुपात पानं आन तंबाखू, बिड्या वळत. मला उभी बघितली आन वरडली, "एमे! बागुन्नावा?" मग बाच्या खांद्याकडं बघितलं. सूप बाजूला ठेवलं. हात परकराला पुसले. लाल सुतावरनं बोट फिरवलं.

मी म्हणाले, "घाल."

बूट गेले. पोटरीचा पट्टा बसला. मग गुडघा सरळ करायला गेलो तर होईना. मी दाबला. तिच्या आईनं दाबला. लक्ष्मी अशी किंचाळली की शेजारचे माग थांबले. वरीसभर गुडघे मुडपून ती त्याच दारात बसली होती, जमिनीवर सरकत होती. गुडघे तसेच धरले होते. पाय तिचेच होते, आन तिला येत न्हवते.

"राहू दे गं," ती म्हणाली. घाम पुसत होती. हसायला बघत होती. "हे आता मागाला टेकू लावू. नायनाला सांगते." नायना म्हंजे तिचा बाप.

माझे पाय माझ्या पायात होते आन मला त्यांची लाज वाटली.

दिवाळीला ती विचारत होती तवा ती खोली माझ्या कॉटपासून किती लांब होती? हॉल ओलांडला की आलीच. मी जाऊन दाराच्या फटीतनं बघितलं असतं तर? पाचच महिने झाले होते तवा. गुडघे सरळ झाले असते कदाचित. मी बघितलं न्हाय. बरं वाटावं असं काहीतरी बोलले. माझा अपमान सरांनी केला, ते खरंच. पण लक्ष्मीचा गुडघा माझ्या त्या एका गोड शब्दात बी अडकलाय. हे मी कुणाला सांगितलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले. पायऱ्या चढले, एकेक, बा मागनं हात पसरून. वर कारकुनानं बाला विचारलं, "हिला काय येतं?"

मी म्हणाले, "हिला बोलता येतं. हिलाच विचारा."

घेतलं त्यांनी. चालत आले ना मी. टायपिंग शिकले, आन आता त्याच केंद्राच्या हापिसात टायपिंगला हाय. माझ्या टेबलावरनं खाली रस्ता दिसतो. वसतिगृह त्याच रस्त्यानं पुढं, टांग्यानं निघालं तर घोडं घामाघूम व्हायच्या आत येतं. इतक्या वरसांत हितनं कुणी तिकडं गेलं न्हाय, की बाबा यंदा कोण अठराचं होतंय, त्यांची नावं आधीच द्या. तिकडनं कुणी हितं आलं न्हाय. ते म्हणतेत, एक जूनपासनं आमचं न्हाय. हे म्हणतेत, जिना चढून येईपर्यंत आमचं न्हाय. मधल्या रस्त्यावर जे पडलंय ते कुणाचंच न्हाय. मी बी न्हाय गेले. मला नोकरी होती, पाय होते, मी गप होते.

आज सकाळी साहेबांनी कागद दिला. यंदाच्या प्रवेशाचे नियम, प्रती छापायला स्टेन्सिल काढायचंय. दोन ओळी मारल्या. तिसरी ओळ अशी होती: 'स्वतः चालत येऊ शकणाऱ्या उमेदवारांनाच प्रवेश देण्यात येईल.'

माझी बोटं लई जोरात चालतेत, सगळे म्हणतेत मशीन मोडशील. त्या ओळीवर बोटं थांबली. तसाच कागद घेऊन साहेबांकडं गेले. म्हणाले, ही ओळ काढा. ते म्हणाले, "तुझं काम टाइप करायचं आहे, नियम करायचं नाही."

मी म्हणाले, "व्हय साहेब. म्हणूनच ही मारणार न्हाय."

ते जेवायला गेले. मी बसून त्या जागी वेगळी ओळ मारली: 'जिना चढता येत नसेल तर केंद्राचा माणूस खाली येईल. पाय पहिल्याच दिवशी दिले जातील.' ते स्टेन्सिल त्यांच्या टेबलावर ठेवलंय. फाडतील. फाडलं तर परत मारीन. मला काढून टाकलं तर जिना उतरून जाईन, तो मला येतो, आन मे महिनाभर वसतिगृहाच्या फाटकात बसंन. ज्याची त्याची एक जून यायच्या आधी. आतल्या प्रत्येक पोराला सांगीन की पट्टे सोडू नको. आन ती भिंत मी एकटीनं रिकामी करीन, मग त्याला चोरी म्हणा न्हायतर काय पण म्हणा. लक्ष्मीचे गुडघे आता सरळ व्हायचे न्हायत. ते मी बदलू शकत न्हाय, आन बरं वाटावं असं खोटं मी परत कुणाला सांगणार न्हाय.

जिन्यात पावलं वाजायला लागलीत, लोक जेवून येतेत. पटकन विचारते. तुमच्यातल्या कुणाला असं झालंय का? कालपर्यंत आमचं लेकरू म्हणणाऱ्यांनी एका तारखेला दार लावून घेतलं, आन पलीकडचं दार अजून उघडलंच न्हवतं, असं? तवा तुमी काय केलं? आन तुमच्या शेजारच्या कॉटवर जी होती, ती आज कुटं हाय?